आवाज गेला तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं

"गाठ कॅन्सरची नाही, पण ऑपरेशन करावं लागेल," गोंदियाचे डॉक्टर म्हणाले. नवऱ्याने डोळे पुसले. माझ्या मनात मात्र पहिला प्रश्न आला, आता चर्चमध्ये गाणार कोण? उत्तर ठाऊक होतं, म्हणून धड आनंदही झाला नाही.

माझी धाकटी जाऊ, एस्तेर.

सडक अर्जुनीजवळच्या आमच्या छोट्या मंडळीत लग्न होऊन आले तेव्हापासून गीत मीच सुरू करायची. एस्तेर मागे उभी असायची. माझ्या गळ्यातली गाठही तिनेच आधी पाहिली. "बाई, पाणी पेता तं गळ्यात काही वर-खाली होऊन राहिलं," म्हणाली. मला वाटलं, हिचा डोळा माझ्या गळ्यावरच.

एफएनएसी केली, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासल्या. रिपोर्ट चांगला होता, पण गाठ श्वासनलिका दाबत होती. अर्धी थायरॉइड ग्रंथी काढायचं ठरलं.

शुद्धीवर आले आणि पाणी मागायला गेले, तर तोंडातून नुसती हवा. मग लॅरिंगोस्कोपी झाली, म्हणजे नाकातून कॅमेरा घालून स्वरतंतू बघणं. डॉक्टर म्हणाले, "नस तुटलेली नाही, दुखावली आहे. काही आठवडे लागतील, कदाचित महिने. कुजबुजूसुद्धा नका, त्याने ताण वाढतो."

घरी आले. वहीत लिहून बोलू लागले.

दुसऱ्याच रविवारी चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ आला. एस्तेर गात होती, माझ्या जागेवर उभी राहून. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आज उपासनेत जीव आला.' म्हणजे इतकी वर्षं काय होतं? तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. एकही सूर चुकला नव्हता.

मग मी टाइप करायला बसले. ऑपरेशनच्या दिवशी मंडळीतलं कुणी आलं नाही. घरातलीच बाई माझी जागा रिकामी व्हायची वाट बघत होती. सासूबाई आजारी असताना तिने किती वेळा हात झटकले, तेही लिहिलं. पाठवून दिलं.

दिराने नवऱ्याशी बोलणं सोडलं. दोन घरं उपासनेला यायची थांबली. एस्तेर गायचं थांबली. मला वाटलं होतं, बरं वाटेल. दोन दिवस वाटलंही.

चर्चचे पाळक घरी आले. मी वहीत लिहिलं, 'तिने सगळ्यांपुढे माफी मागावी.' त्यांनी वाचलं. "हे ग्रुपवर टाकायच्या आधी तिले एकदा तरी विचारलं का, ताई?" मी मान हलवली, नाही. "मग मंडळीपुढं मी काही काढत नाही. आधी तुमी दोघी बसा."

एस्तेरचं घर अंगणापलीकडेच. ती तांदूळ निवडत होती. मी वही पुढे केली. 'ऑपरेशनच्या दिवशी काऊन नाही आली?'

तिने सूप खाली ठेवलं. "आली होती. संध्याकाळपर्यंत बाहेर बाकावर बसली होती. एस्तेरले आत येऊ देऊ नका, असं तुमीच सांगून ठेवलं होतं ना?"

सांगितलं होतं. विसरले नव्हते, फक्त लिहिताना गाळलं होतं.

"आन् मले गायला आवडलं, बाई. खोटं कायले बोलू?"

मी वही परत घेतली. मग लिहिलं, 'मला तुझा हेवा वाटतो. पहिल्यापासून.' तिने वाचलं, पान फाडलं, घडी करून पोलक्यात खोचलं. "हे कोनाले दाखवत नाही," म्हणाली. सासूबाईंचंही मग बोललो, म्हणजे ती बोलली, मी लिहिलं. तिचंही काही होतं. तेव्हा तिला नुकतेच दिवस गेले होते आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर एवढंच टाकलं, 'मी एस्तेरबद्दल लिहिलं ते चुकलं. आधी तिच्याशी बोलायला हवं होतं.' बाकीचं आमच्या दोघींत राहिलं.

तुमचीही अशी शस्त्रक्रिया होणार असेल, तर आवाजाचं डॉक्टरांना आधीच विचारा. तुम्ही गात असाल तर तसं सांगा. आणि आवाज नसताना फोन जरा लांब ठेवा.

तिसऱ्या महिन्यात माझा आवाज आला, पण खालचाच. वरच्या पट्टीत एस्तेर गाते, मी शेजारी उभी राहून साथ देते. हेवा गेला असं म्हणणार नाही. मागच्या रविवारी तिचा सूर घसरला आणि मला आतून गार वाटलं. घरी येताना वाटेत तिला तसं सांगूनच टाकलं.

ती हसली. "मले समजलंच होतं. तुमचा आवाज तेव्हा एकदम मोठा झाला, बाई."