सिस्टरांच्या वह्या

कारखान्याच्या दवाखान्यात कुणीही पाय ठेवला की सिस्टर आधी पेनाचं टोपण काढायच्या. समोरचा माणूस चिरलेलं बोट धरून उभा असला तर एका हाताने बोटावर कापूस दाबायच्या आणि दुसऱ्या हाताने वही उघडायच्या. तो कुरकुरला की म्हणायच्या, "नोंद असू दे रे. उद्या उपयोगी पडेल."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. मस्टरवर होतं, पगाराच्या पाकिटावर होतं, पण मुलुंडच्या आमच्या कारखान्यात साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. विजेच्या मोटारी बनवणारा कारखाना. मी पर्सोनेल खात्यात क्लार्क होतो. माझं टेबल आणि त्यांचा दवाखाना यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत होती, त्यामुळे त्यांचं बोलणं मला दिवसभर ऐकू यायचं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा तासभर येत, चहा पीत, सह्या करत आणि जात. बाकीचा आठवडा सिस्टरच.

उंचीला कमी, अंगाने भरलेल्या, पंचेचाळिशीच्या. चालताना चपलांचा आवाज करत यायच्या. चोरून विडी ओढणाऱ्यांना आपण येतोय हे आधी कळावं म्हणून तसं चालते, असं त्या सांगायच्या. "मला बघून घाईघाईने विझवतात आणि बोटं भाजून घेतात. मग मलाच मलम लावायला लागतं."

वहीत त्या मराठीत लिहायच्या, आणि सगळं लिहायच्या. 'चक्कर. सकाळपासून उपाशी. बायको माहेरी.' 'पोट बिघडलं. काल सासुरवाडीला जेवला.' असेंब्लीतला एक गडी दर सोमवारी काही ना काही दुखतंय म्हणून यायचा. त्याच्या नावापुढे एकदा त्यांनी दुखण्याच्या रकान्यात नुसतं 'सोमवार' लिहिलं. पुढे तेच लिहीत गेल्या. त्यालाही ते माहीत होतं. तो यायचा, बाकावर बसायचा आणि म्हणायचा, "सिस्टर, सोमवार झालाय."

पण वार्निशखात्यातून कुणी आलं की त्यांचा आवाज बदलायचा. मोटारीच्या तारांची वेटोळी तिथे वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवायची असत. वास असा की माझ्यासारख्याचे डोळे दारातच चुरचुरायचे. तिथली माणसं धापा टाकत यायची आणि "काही नाही, जरा दम लागलाय" म्हणायची. सिस्टर त्यांना खोदून खोदून विचारायच्या. कधीपासून? जिना चढताना लागतो की झोपल्यावरही लागतो? थुंकी कसली पडते? मग सावकाश, एकेक अक्षर लावून लिहायच्या.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, "एवढं कशाला लिहिता सिस्टर? डॉक्टर तर वाचतसुद्धा नाहीत."

त्यांनी डबा बाजूला सरकवला. म्हणाल्या, "माझे वडील पवईकडे खडीच्या खाणीत होते. आम्ही साताऱ्याकडचे. बौद्ध झालो त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी मला नर्सिंगला घातलं, आणि माझं शिक्षण संपायच्या आत ते गेले. छातीत दगडाची धूळ भरली होती. आई साहेबाकडे गेली तर साहेब म्हणाला, आजार खाणीत झाला हे कुठे लिहिलंय? कुठेच लिहिलं नव्हतं." त्यांनी डबा पुन्हा पुढे ओढला. "म्हणून लिहिते."

मग मंदीचं वर्ष आलं. ऑर्डरी थांबल्या. बांधून तयार झालेल्या मोटारी गोदामात मावेनात म्हणून कँटीनच्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या, आणि माणसं त्यांच्या खोक्यांवर बसून जेवत होती. आठवड्यातले दोन दिवस काम बंद राहू लागलं. त्यानंतर फलकावर नोटीस लागली, स्वेच्छानिवृत्तीची. राजीनामा द्या, हिशोब घ्या, वर कंपनी काही रक्कम देईल. तीन आठवड्यांत एकानेही सही केली नाही. गिरण्यांतल्या माणसांचं काय झालं ते प्रत्येकाने आपल्या घरात नाही तर शेजारी पाहिलं होतं. हातात आलेला पैसा किती दिवस पुरतो हे कुणाला सांगायला नको होतं.

त्याच सुमाराला आमच्याकडे नवे पर्सोनेल मॅनेजर आले होते. एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. "दवाखाने के रजिस्टर ले आओ. पाँच-छे साल के. पूछे तो बोलना, इन्शुरन्स का काम है."

मी दवाखान्यात गेलो. सिस्टर सुया उकळत होत्या.

"कशाला रे?"

"विम्याचं काहीतरी काम आहे म्हणे."

मला खरं कारण माहीत होतं का? पूर्ण नव्हतं. पण मी साहेबांना विचारलंही नाही, आणि न विचारण्यामागे काय होतं ते मला तेव्हाही कळत होतं. सिस्टरनी सहा वह्या कपाटातून काढल्या, एका जुन्या चादरीत बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या. "दोन वह्यांची पानं सुटलीत. सांभाळून ने."

साहेबांना मराठी येत नव्हतं. दोन दिवस मी त्यांच्यासमोर बसून वह्या वाचल्या, हिंदीत अर्थ सांगितला आणि ते सांगतील ती नावं कागदावर उतरवली. कुणाला दम, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाची कंबर गेली. मधे त्यांनी मला थांबवलं. "ये सोमवार कौनसी बीमारी है?" मी सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "लिखो उसको भी."

मग एकेकाला आत बोलावणं सुरू झालं. वार्निशखात्यातले पेडणेकर पहिल्याच दिवशी आले. मालवणकडचे, बोलायला कमी. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि यादी पुढे ठेवली. अमुक तारखेला दम, तमुक तारखेला दम. तुमची तब्येत कामाला लायक नाही. आता सही केलीत तर वरचे पैसे मिळतील. नाही केलीत तर मेडिकल होईल, अनफिट ठराल आणि वरचं काहीच मिळणार नाही. मी बाजूला फॉर्म घेऊन बसलो होतो. फॉर्मवर छापलंच होतं, 'मी स्वेच्छेने'. पेडणेकरांनी त्याखाली सही केली, आणि पेन टोपण लावून मला परत दिलं.

तिथून ते दवाखान्यात गेले. प्लायवूडमधून मला सगळं ऐकू आलं.

"सिस्टर, माझो दम तुम्ही लिहून ठेवलेलो?"

"हो. का?"

"त्यांनी वाचून दाखवल्यानी. सतरा वेळा इललंय म्हणे मी." मग म्हणाले, "माका वाटला, तुमका ठाऊक असतला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग चपला वाजल्या आणि सिस्टर माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या वह्या कुठायत?"

"साहेबांच्या कपाटात."

"साहेबाला मराठी येत नाही," त्या म्हणाल्या.

मी मान वर केली नाही. मग त्या आत साहेबांकडे गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या. रजिस्टर कंपनीची मालमत्ता आहे, एवढंच त्यांना सांगितलं गेलं होतं.

त्या दिवसापासून दवाखाना ओस पडला. जिथे बाकावर जागा मिळत नसे तिथे सिस्टर एकट्या बसून राहू लागल्या. माणसं रुमालाने बोटं बांधून मशीनवर उभी राहायची. सिस्टर पत्र्याची पेटी घेऊन खात्याखात्यातून फिरायच्या तर सगळे हसून सांगायचे, "काही नाही सिस्टर, झकास आहे." एकदा त्या मशीनच्या आवाजावर ओरडून म्हणाल्या, "लिहिणार नाही रे मी. वहीच आणली नाही." त्यांनी हात पसरून दाखवले. कुणी जागचं हललं नाही.

प्रेसखात्यात शिर्के म्हणून तरणा माणूस होता. दोन लहान मुलं, भांडुपला भाड्याची खोली. पत्र्याची कडा त्याच्या दोन बोटांत घुसली, ते त्याने नऊ दिवस लपवलं. हातमोजा काढायचा नाही, एवढंच करत राहिला. दहाव्या दिवशी तापाने तो मशीनजवळ बसला आणि सिस्टरनी जाऊन मोजा कापून काढला. दोन्ही बोटं कापावी लागली. हॉस्पिटलातून परत आल्यावर सिस्टर दवाखान्यात गेल्या नाहीत, सरळ माझ्यासमोर बसल्या.

"मला तो फॉर्म दे."

"सिस्टर, तुमचं नाव यादीत नाही."

"माहीत आहे. दे."

मी समजावून पाहिलं. नवरा जाऊन त्यांना आठ वर्षं झाली होती, मुलगी कॉलेजात होती, विक्रोळीला कन्नमवार नगरात घराचा हप्ता चालू होता. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "माझ्याकडे यायला लागू नये म्हणून त्याने बोटं कुजवली. आता मी इथे बसून काय करू, सांग." मी खणातून फॉर्म काढून दिला. साहेबांनी सही लगेच दिली. एक नाव आपणहून आलं होतं.

त्या गेल्यावर मला वाटलं, संपलं. पण नोकरी सोडल्यावर सिस्टरनी जे केलं ते मला पेडणेकरांकडूनच कळलं, ते हिशोबाच्या कागदासाठी आले होते तेव्हा. रविवारी रविवारी त्या सही केलेल्या माणसांच्या घरी जात होत्या. रक्तदाब मोजायचं यंत्र त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलं होतं. काही घरांत त्यांना पाणीही मिळालं नाही. पेडणेकरांच्या बायकोने पहिले तीन रविवार दार उघडलं नाही. सिस्टर जिन्यात बसून राहिल्या आणि चौथ्या रविवारी ती म्हणाली, "आता येवा आत, लोक बघतत." आत बसून सिस्टर शाळेच्या वह्यांत सगळं पुन्हा लिहून काढत होत्या. आठवून आठवून. कुणाला कधीपासून दम, कुणाचा कुठला कान. आजार कारखान्यातलाच आहे हे दाखवून त्यांना नुकसानभरपाईचा दावा लावायचा होता. वह्यांनी या माणसांची नोकरी घालवली, निदान औषधाला तरी मिळवून देतील, असं त्या पेडणेकरांना म्हणाल्या होत्या.

महिन्याभराने त्या गेटवर आल्या. मला बाहेर बोलावलं.

"तारखा आठवत नाहीत रे सगळ्या. ज्या दिवशी मी माणसाला अर्ध्या पाळीतून घरी पाठवलं, त्या दिवशी मस्टरवर खूण असते. तू फक्त बघून सांग. कागद नको मला."

"मस्टर कपाटात असतं सिस्टर. चावी साहेबांकडे असते."

चावी माझ्या खणात होती. सिस्टर त्या कारखान्यात सतरा वर्षं होत्या, ते त्यांना माहीत असणारच. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं. तुझं लग्न ठरलंय ना? नोकरी सांभाळ."

टोमणा असता तर मी विसरलो असतो.

दावा उभा राहिला. सात माणसांचा. कोर्टाने कंपनीकडे त्या वर्षांची मस्टरं आणि दवाखान्याची रजिस्टरं मागितली, आणि कंपनीतर्फे सांगायला मला पाठवण्यात आलं. सातांपैकी दोघे आले होते, पेडणेकर आणि त्यांच्याच खात्यातला एक. बाकीचे गावी तरी गेले होते किंवा रोजावर कुठेतरी लागले होते. सिस्टर वह्यांची पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर बसल्या होत्या.

मला विचारलं गेलं. मी म्हणालो, "शोधली. सापडत नाहीत."

ते लिहून घेतलं आणि माझ्यापुढे सहीला कागद ठेवला. मी सही केली. कंपनीच्या वकिलाने सिस्टरच्या वह्या चाळल्या आणि विचारलं, या तारखा कशावरून? त्या म्हणाल्या, "आठवणीवरून." वकिलाने वह्या मिटल्या. पुढे फार काही झालं नाही.

बाहेर व्हरांड्यात मी घाईने निघालो होतो. मागून चपला वाजल्या.

"थांब जरा."

मी थांबलो. मला वाटलं, आता बोलतील. बोलायलाच हवं होतं त्यांनी. त्यांनी माझा उजवा हात मनगटापाशी धरला आणि उन्हात आडवा करून पाहिला.

"सही करताना थरथरत होता. केव्हापासून?"

मी हात सोडवून घेतला. बहुतेक "उशीर होतोय" असं काहीतरी म्हणालो. खाली रस्त्यावर येऊन वर पाहिलं तर त्या पेडणेकरांचा दंड धरून त्यांना एकेक पायरी उतरवत होत्या, आणि दर दोन पायऱ्यांनी थांबत होत्या.

दावा फेटाळला गेला. त्यानंतर दीड वर्षात कारखानाही बंद झाला आणि माझ्या हातात इतरांसारखंच पाकीट पडलं. जी नोकरी मी एवढी सांभाळली ती एवढीच होती.

शिर्के मला भांडुपच्या भाजी गल्लीत भेटला. तो उरलेल्या तीन बोटांनी कांदे निवडून पाटीत टाकत होता, त्याचाच धंदा होता तो. पेडणेकर गावी गेले आणि तिकडेच वारले, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "सिस्टर पण गेल्या ना. दिवाळीच्या आधी."

"काय झालं होतं?"

"छातीत दुखत होतं म्हणे बरेच दिवस. कुणाला बोलल्याच नाहीत."

त्याने मला पत्ता दिला, इमारतीचा नंबरही सांगितला. मी तीनदा कन्नमवार नगरात गेलो. दोनदा जिन्यापाशी उभा राहून परत आलो. तिसऱ्या वेळी त्यांची मुलगी पाण्याची कळशी घेऊन खाली आली. चेहरा अगदी तोच. तिने मला दोन-तीनदा पाहिलं असावं.

"कोण हवंय तुम्हाला?" तिने विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो. "इमारत चुकलो."