आत्याने चिकटवलेला विलासदादा

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांतली मी. आमच्या बौद्ध घरात अंगारे-धुपारे कधी चालले नाहीत... म्हणूनच हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

१९८६ चं साल. माझी विधवा आत्या घाटकोपरला भटवाडीत राहायची. रद्दीच्या कागदी पिशव्या चिकटवून दुकानदारांना द्यायची. तिचा एकुलता एक मुलगा विलासदादा आठ वर्षांपूर्वी कॉलेज संपताच भांडून निघून गेला होता — जाताना स्वतःचे सगळे फोटोही घेऊन.

त्या उन्हाळ्यात आत्याने रद्दीतूनच त्याचं चित्र करायला घेतलं. लग्नपत्रिका, बिस्किटांचे पुडे, सिनेमाच्या जाहिराती... हाताने फाडायची, खळीने पुठ्ठ्यावर चिकटवायची. मी तेव्हा ड्रॉइंगचा कोर्स करत होते; याला कोलाज म्हणतात हे तिला मीच सांगितलं. चेहरा हुबेहूब जमला. फक्त डावा कान अर्धाच. आणि त्याचं बोट धरून एक लहान मुलगी, गालावर मोठा तीळ.

“आत्या, दादाचा कान तर धड होता. आणि ही कोण?”

“मला काय माहीत गं. हात तसाच गेला.”

दिवाळीनंतर मैत्रिणीच्या साखरपुड्याला कांदिवलीला गेले. पंगतीत समोरच विलासदादा. डावा कान वरून अर्धा तुटलेला. शेजारी त्याची मुलगी — गालावर तोच तीळ.

त्याने मला ओळखलं, बाहेर जिन्यात नेलं. कान कारखान्यात पत्रा लागून गेला होता, घर सोडल्यानंतर. आडनाव बदललं होतं, जात लपवून लग्न केलं होतं. मी आत्याच्या चित्राचं सांगायला लागले, ते त्याने ऐकूनही घेतलं नाही.

“आई मेली असं सांगितलंय मी इथे. तू पण मला ओळखत नाहीस. कळलं ना?”

आत्याला सगळं सांगितलं. रडली नाही ती. एवढंच विचारलं, “पोरगी कुणावर गेलीय?”

“तुझ्यावर.”

“मग किती दिवस लपवणार तो?” म्हणाली, आणि पिशव्या चिकटवायला बसली.

पुढे आत्या गेली, तेव्हा मैत्रिणीकडून पत्ता काढून मी निरोप द्यायला गेले. दार दादानेच उघडलं. मागे बायको उभी होती. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, “चुकीच्या घरी आलात तुम्ही.”

योगायोग म्हणायचं तर म्हणा. तो कान, तो तीळ आत्याला कुठून दिसला... मला आजही सांगता येत नाही. पण मला सख्ख्या भावासारखा असलेला माणूस त्या दिवशी मला ‘तुम्ही’ का म्हणाला, ते कळायला काही कठीण नव्हतं.