एका दमात

दुष्काळाच्या त्या साली मी दूध सोसायटीत कारकून होतो. बेंबळीहून धाराशिवला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत दर तीन आठवड्यांनी ते गृहस्थ माझ्या शेजारी बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईत सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या कारखान्यात काढली होती. तिथल्या धुळीनं फुप्फुसाच्या अस्तराला कॅन्सर झाला होता आणि ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. धाराशिवहून पुढे ते सोलापूरला जायचे; तिथले डॉक्टर दोन नवी औषधं एकत्र देऊन बघत होते. एका दमात किती आकडे मोजता येतात, तेवढं वहीत लिहून आणायला त्यांनी सांगितलं होतं.

वही माझ्याकडे देऊन, टोपी मांडीवर ठेवून ते मोजायला लागायचे. पहिल्या खेपेला अकरा झाले, मग सोळा.

त्या दिवशी त्यांनी वीस ओलांडले तशी अख्खी गाडी मोजायला लागली! कंडक्टरनं तिकिटाच्या पेटीवर ठेका धरला. तीसला टाळ्या पडल्या. मीही आनंदात तीस लिहून टाकले.

धापा टाकत, हसतच त्यांनी माझा हात धरला. "बावीसला दम तुटला माझा. बावीस लिवा."

"मामा, समद्यांनी ऐकलं की तीस!" कंडक्टर म्हणाला.

"ते तुमी मोजलं, म्या न्हाय. ही वही बघून डॉक्टर उद्या दुसऱ्याला औषध देणार हायत."

मी तीस खोडून बावीस लिहिले, आणि वरचा अकरा नजरेस पडला.

"मामा, दुप्पट झाले की!" मी ओरडलोच.

या खेपेला पहिली टाळी त्यांनीच वाजवली.