तापीत बुडवलेला भाऊ

ही गोष्ट आजवर माझ्या पोटातच राहिली, ओठांवर कधी आली नाही. नवऱ्याला अर्धी माहीत होती, देवाला पूर्ण माहीत असणार — पण दोघांनीही विषय काढला नाही, आणि मी कशाला काढते? आता तुम्हाला सांगते. आधी मूर्खपणा सांगते, तो सांगायला सोपा. मी माझ्या सख्ख्या, धडधाकट, जिवंत भावाला तापीत बुडवून मारलं. तोंडानं. शाळेत नुकत्याच जायला लागलेल्या माझ्या मुलीसमोर, पोळ्या लाटता लाटता.

हसू येतंय? येऊ द्या. मलाही बरीच वर्षं यायचं.

त्या वेळची मी तुम्हाला दिसायला हवी. हे दीपनगरला वीजकेंद्रात होते, वसाहतीत आमचं क्वार्टर. मी मॅट्रिक झालेली, म्हणजे स्वतःला विद्यापीठच समजायची. भाजी आणायला काळा गॉगल लावून जायची. भाजीवाला गॉगल बघून भाव चढवायचा, तरी मी तो काढत नसे. तापीकाठच्या खेड्यात शेण सारवत वाढलेली मी, पण बोलणं असं की जणू पुण्याच्या पेठेतून थेट इथं उतरले. अहिराणी फक्त चिडल्यावर बाहेर पडायची. तेवढी मात्र अस्सल.

रतन माझ्या पाठचा. मला अक्का म्हणायचा. त्यानं सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या पावरा आदिवासी मुलीशी लग्न केलं आणि आमच्या आबांनी त्याला घरात घ्यायचं बंद केलं. तो बायकोच्या पाड्यावर जाऊन राहिला. एकदा — एकदाच — बायकोला घेऊन दीपनगरला आला. तिच्या पायात चांदीचे जाड वाळे, त्याच्या डोक्यावर बोरांचं गाठोडं. माझ्याकडे नेमकी वसाहतीतल्या बायकांची भिशी. कुणीतरी विचारलं, हे कोण हो? मी म्हटलं, आमच्या शेतावरचा गडी.

रतन दारातच होता. त्यानं ऐकलं. मागच्या ओट्यावर दोघांनी चहा घेतला, आणि त्यानं आपले कप स्वतः विसळून कडेला पालथे घालून ठेवले. गड्यानं ठेवावेत तसे. मग गेले. पुन्हा आला नाही.

पुढं शैला विचारायला लागली. सुट्टी लागली की सगळ्या पोरी मामाच्या गावी जातात, मला मामा का नाही? काय सांगायचं होतं मी? सांगता आलं असतं की आहे. पण मग — कुठं आहे, काय करतो, मामी कोण? मी म्हटलं, होता गं, तापीत बुडाला. एवढ्यावर थांबले असते तरी मी थोडी शहाणी ठरले असते. पण मला गोष्टी सांगायची खोड. पुढच्या उन्हाळ्यात तो म्हशीचं पारडू वाचवताना बुडाला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पारडू वाचलं. मग त्या पारडाची म्हैस झाली आणि ती रोज नदीकडे बघून हंबरायला लागली. शैला रडायची. आणि मी — काय सांगू — तिला रडताना बघून मला वाटायचं, वा, काय सांगितली!

हा झाला मूर्खपणा. पण मी ज्यासाठी बसले आहे, ते हे नव्हे.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमाराची गोष्ट. हे गेले होते. क्वार्टर सोडून आम्ही भुसावळला आलो होतो, ह्यांची जुनी फियाट तेवढी राहिली होती. ती शैला चालवायची. नोकरी करणारी, पंचविशी ओलांडलेली मुलगी गाडी चालवते म्हणून रस्त्यावरची माणसं माना वळवून बघत आणि मी शेजारी पट्टराणीसारखी बसत असे. तिचं लग्न ठरलं होतं, फाल्गुनातलं. वडील नाहीत, मामा नाही. मंडपात मला कोण घेऊन जाईल गं, असं तिनं एकदा विचारलं होतं. मग पौषात म्हणाली, आई, दोन दिवस फिरून येऊ. पद्मालय बघू, उनपदेव बघू. आणि तुझं गाव. जिथं मामा बुडाला तो डोह मला बघायचाय.

मला जायचं नव्हतं. पण नाही म्हणायला कारण काय देणार?

निघालो. कळण्याच्या भाकरी, भरीत, ठेचा, सगळं बांधून. एरंडोलजवळ पद्मालयाला तळं कमळांनी भरलेलं, ऊन कोवळं. आणि आम्ही वाहिलेला नारळ नासका निघाला. पुजारी म्हणाला, चालायचंच. शैला हसली. मीही हसले, पण गाडीत बसल्यावर हाताला तो वास येत राहिला. धुतला तरी येत राहिला. मी असलं काही मानणारी नव्हे, बरं का. नुसतं सांगते.

गावाचा प्रश्न मी रस्त्यातच मिटवला. म्हटलं, गावाकडचा रस्ता फार वाईट, गाडी मोडेल, आणि तिथं आता आपलं कुणी नाही. सरळ उनपदेवला जाऊ. हिशेब काय? रतनला ओळखणारं गाव चुकवायचं. तो स्वतः तर वर डोंगरात, पार आत. खाली कशाला येतोय?

पण तापीचा पूल मला चुकवता आला नाही. पुलाच्या मध्यावर शैलानं गाडी थांबवली. पर्समधून कागदाची पुडी काढली. घरून आणली होती, मला न सांगता. पुडीत अक्षता. कठड्याशी उभी राहून तिनं त्या नदीत सोडल्या आणि मोठ्यानं म्हणाली, रतनमामा, माझ्या लग्नाला या.

खाली पाणी काळपट, संथ. एक शब्द परत येत नव्हता.  थंडीचे दिवस, वारा बोचरा. सांगावं का तिला? तिथं, पुलावरच? आम्ही दोघीच होतो. त्याहून बरी जागा मला आयुष्यात मिळायची नव्हती. मी म्हटलं, चल, मागून ट्रक येतोय.

चोपडं गेलं, अडावद गेलं. सातपुडा जवळ जवळ येत चालला तशी मला वाटायला लागलं, डोंगर आपल्याकडे बघतोय. उनपदेवला पौषाची गर्दी. गोमुखातून ऊन पाणी पडतंय, बायाबापड्या, पोरंटोरं, वाफा, ओल्या कपड्यांचा वास. आम्ही पाय बुडवून बाहेर आलो, आणि रांगेनं बसलेल्या विक्रेत्यांतून कुणीतरी हाक दिली —

“बोरे ल्या ना ताई, साखरना मायक गोड शेतस.”

मी आवाजाकडे पाहिलं नाही. आवाज ओळखला आणि मान फिरवली. इतक्या वर्षांनी काय आठवतं म्हणता? सगळं आठवतं. पण शैला थांबली. हसत म्हणाली, “आई, हे बाबा बघ, तू चिडल्यावर बोलतेस अगदी तसंच बोलतात.” आणि खाली बसली त्याच्यासमोर. “बाबा, गाव कोणतं तुमचं?”

“ऱ्हास आठेच, डोंगरना पायथाले. मूळ गाव तापीकाठनं.” त्यानं गावाचं नाव सांगितलं.

“अहो, ते तर माझं आजोळ!”

त्यानं वर पाहिलं. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. दाढी पांढरी, गाल बसलेले, डोळे मात्र तेच. मी गॉगल लावलेला होता. लावलेलाच राहू दिला.

“मग तुम्ही रतनमामांना ओळखत असाल,” शैला म्हणाली. “माझे मामा. तापीत बुडाले ते.”

त्यानं हातातली बोरं मापात टाकली, पुन्हा काढली, पुन्हा टाकली. माझ्या कानांत गोमुखाचं पाणी पडत होतं. एक शब्द, त्याचा एक शब्द, आणि माझं सगळं घर तिथंच कोसळणार होतं. मला ते कळत होतं, त्यालाही कळत होतं.

“वळखस ना,” तो म्हणाला. “चांगला वळखस. पव्हाले भारी व्हता तो. आख्खी तापी पार करे. बुडना कसा, तेच समजत नही.”

आमच्या घराण्याची खोड. मरतानासुद्धा चिमटा काढणार.

शैलाचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत तिला मामाबद्दल सांगणारं माझ्याशिवाय पहिलंच माणूस भेटलं होतं. आणि मग ती म्हणाली — माझी भाबडी लेक — “बाबा, फाल्गुनात माझं लग्न आहे. तुम्ही मामांच्या गावचे, म्हणजे माझे मामाच. याल? मला मंडपात न्यायला कुणी नाही हो.”

आता बघा. देव म्हणा, नशीब म्हणा, कुणी असं ताट वाढून पुढं ठेवतं का कधी? मला काही करायचंसुद्धा नव्हतं. खरं सांगायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं. तो आला असता, भाचीचा हात धरून तिला मंडपात घेऊन गेला असता.

मी म्हटलं, “काहीतरीच काय शैला. त्यांना एवढ्या लांब कुठं जमणार.” आणि त्याच्याकडे वळून म्हटलं, “अहो, तुम्ही मनावर घेऊ नका हं.”

अहो. तुम्ही. ज्याला कडेवर घेऊन हिंडले, ज्याचं नाक माझ्या पदरानं पुसलं, त्याला.

“नही वं माय,” तो शैलाला म्हणाला. “मी कोठे येसू इतलं दूर. तू सुखी ऱ्हाय.”

ती म्हातारं माणूस म्हणून त्याच्या पाया पडायला वाकली. त्यानं चटकन तिचे हात धरले, वाकू दिलं नाही. आणि मग बसल्या जागेवरून पुढं झुकून त्यानंच तिच्या दोन्ही पायांना हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. आमच्या खानदेशात मामा भाचीच्या पाया पडतो. भाचीला मामा वाकू देत नाही. वसाहतीत वाढलेल्या पोरीला हे कुठून माहीत असणार? मी कधी सांगितलं होतं? तिला मामाच नव्हता. ती बिचारी दचकून मागं सरली, ओशाळली. घाईघाईनं बोरांची पिशवी घेतली आणि गाडी आणते म्हणून निघून गेली. बोरांचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

आम्ही दोघं राहिलो. तेवढ्या वेळात तो एकच वाक्य बोलला.  गाडी आली, मी दार उघडून बसले, काच वर केली.

अडावदच्या अलीकडे शैलानं विचारलं, आई, ते बाबा माझ्या पाया का पडले गं?

मी म्हटलं, गरीब माणसं असतात तशी.

हे ते. इथवर यायला मी एवढे फेरे घेतले. बुडवलं ते मूर्खपणानं, गडी म्हटलं ते तरुणपणाच्या मस्तीनं, पण हे वाक्य मी पन्नाशीत बोलले, पूर्ण शुद्धीत, गाडीत मुलीशिवाय ऐकणारं कुणी नसताना. कुणाला घाबरले होते मी? भिशीतल्या बायका तर तिथं नव्हत्या.

लग्न झालं. शेजारच्या एका गृहस्थांनी तिला मंडपात नेलं, भला माणूस होता. शैलाला आता सून येईल. मामाची गोष्ट ती आपल्या मुलांना सांगते, म्हैस अजून हंबरते. मी ऐकत बसते. मी कुणाला चौकशीला पाठवलं नाही, स्वतः गेले नाही. आताशा चोपड्याकडचं कुणी गेल्याचं कानावर आलं, आणि नाव नीट कळलं नाही, की मी उठून डोक्यावरून पाणी घेते. भर दुपारी, थंडीत, केव्हाही. घरातले म्हणतात, म्हातारीला उकडतं. रतन आहे की नाही, मला माहीत नाही.

आणि त्या दिवशी, शैला गाडी आणायला गेली तेव्हा, मापातली बोरं सारखी करत, वर न बघता, तो म्हणाला होता —

“अक्का, आते मी खरा मरसू, तवय तुले कोन सांगी?”