इथलंच फळ

शेजारच्या क्वार्टरमधल्या नलिनीवहिनी दिसल्या की टाउनशिपजवळच्या सोनागिरी बाजारातले फळवाले गालात हसायचे. भाव नंतर, वहिनींचा पहिला प्रश्न, "कहाँ का है?" जवळच्या सीहोरचे पेरू पिशवीत जात; लांबून आलेली केळी, चिकू, काजू राहून जात. "यहीं का है, बहनजी," म्हणत एकानं काश्मिरी सफरचंदंही पुढे केली होती.

टाउनशिपच्या महिला मंडळात कुणी मॅक्रोबायोटिक आहारावर बोलून गेलं होतं. आपल्या भागात, त्या ऋतूत पिकतं तेच फळ खावं, सुकामेवा मोजका, मधल्या वेळी तळणाऐवजी भाजलेल्या बिया. आम्ही ऐकलं आणि घरी येऊन भजी तळली. वहिनींनी मात्र मनावर घेतलं.

त्या हिवाळ्यात त्यांची आई, शशिकलाबाई, नागपूरहून आल्या. वडील गेल्यापासून त्या एकट्याच. आईनं आता कायमचं इथेच राहावं, एवढंच वहिनींना हवं होतं.

आईंनी सोबत आणलेली, त्यांच्या परसातल्या झाडाच्या संत्र्यांची करंडी उघडली.

"आई, ही नागपूरची ना? आम्ही इथलीच फळं खातो गं."

"आणि तू कुठली, बाई?"

सगळे हसलो. करंडी माझ्याकडे आली, मी निमूट घेतली. तेव्हाच बोलायला हवं होतं मी.

आईंचे दात पडलेले. भोपळ्याच्या बिया चावेनात. वहिनी पेरू शिजवून, चिमूटभर मीठ घालून द्यायच्या, अगदी प्रेमानं. एका दुपारी आई माझ्याकडे येऊन केळं खाऊन गेल्या. "नलूला सांगू नकोस हो." घरात कुठल्याही डब्याला हात लावण्याआधी त्या विचारायच्या, "नलू, हे चालतं का गं?" महिनाभरानं परत गेल्या.

होळीला वहिनींनी स्पीकरवर फोन केला, मी तिथेच होते. "आई, सामान कधी आवरतेस?"

"नको गं. तुझं सगळं चांगलंच आहे. पण या वयात विचारून खाणं जमत नाही मला."

"मी केळी आणते. चिवडा करते, तळून करते, आई!"

"राहू दे आता."

आई पुढे दोन वर्षं नागपुरातच राहिल्या, तिथेच गेल्या. वहिनी महिन्याआड जायच्या, समोर येईल ते खायच्या. पण ताटात काहीही वाढताना आईंचा हात थांबायचा. "तुला चालेल ना?" त्या विचारायच्या. अगदी शेवटपर्यंत.