मशीनला लागलेलं ऊन

आमच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातले किस्से मी मुद्दाम सांगायला बसत नाही. मे महिना येतो, कुणीतरी कूलर झटकायला काढतं आणि धुळीबरोबर तेही निघतात. ऐकणारे पोट धरून हसतात. त्या उन्हाळ्यात आम्ही तिघं मात्र एकदाही हसल्याचं मला आठवत नाही. शटर उघडल्यापासून पडेपर्यंत आम्ही धास्तीत असायचो!

तिघं म्हणजे मालक वसंता, रेडिओ दुरुस्त करणारा मनोहर आणि गल्ल्यावर बसणारा मी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गांधीबागेच्या बाजारात वसंताच्या वडिलांचं, आबाजींचं, कापडाचं दुकान होतं. शेजारची टिनाच्या छताची खोली त्यांचं गोदाम. ती वसंताने हट्टाने मागून घेतली आणि मुंबईहून कपाटाएवढी मशीन आणली. नाणं टाकायचं, दांडा धरायचा आणि पडद्यावरच्या उडत्या तबकड्या पाडायच्या.

आबाजींनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. म्हणाले, "उन्हाळाभर चालली तं खोली तुही. बंद पडली तं त्याच दिवशी कापडाच्या गाठी आत!"

वसंताला कापडातलं ओ की ठो कळत नव्हतं. ही मशीन गेली तर आपलं काय होणार, या विचाराने त्याला जेवण जात नव्हतं.

*

एप्रिलात एका दुपारी पडद्यावर आडव्या रेघा आल्या आणि खेळ जागच्या जागी थिजला. मनोहरने मागची फळी काढली. आत एक मोठा हिरवा बोर्ड, त्याच्या मधोमध काळी चिप. "हा हिचा मेंदू," असं म्हणून त्याने चिपवर बोट ठेवलं आणि बोंबलत उडी मारली!

"जळून तर नाही ना गेली?" वसंताने विचारलं.

मनोहर बोट तोंडात घालून म्हणाला, "अजून नाही. पण पापड आणा, भाजून देतो!"

*

एकदा एक हवालदार खेळायला आला. चांगला धिप्पाड गडी. ऊन बाधू नये म्हणून आमच्याकडे खिशात कांदा ठेवतात, तसा त्याच्याकडेही होता. खेळताना टोचतो म्हणून त्याने तो काढून गल्ल्यावर ठेवला. हात बसला होता त्याचा, पटापट तबकड्या पाडत होता. आता सगळ्यांपेक्षा जास्त गुण होणार, तेवढ्यात मशीन थिजली!

हवालदाराने दंडुका गल्ल्यावर आपटला. "मले पाहूनच बंद केली का बे?"

मी कसाबसा म्हणालो, "नाही साहेब, मशीनले ऊन लागलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि पट्टा सैल करून बाकावर बसला. "मंग डॉक्टरले दाखवा ना! तोपर्यंत मी हलत नाही इथून."

*

वसंताने घरचा कूलर उचलून आणला. लोखंडी, जुना आणि करंट मारणारा. मनोहरने ताकीदच दिली होती, "पाणी टाकताना आधी पिन काढा गा. दरवर्षी कोणी ना कोणी मरते अशानं." पण मशीन अडकेल या भीतीने वसंता कूलर बंद करायचाच नाही.

एका दुपारी तो बादली घेऊन वाकला आणि वाकलेलाच राहिला. डोळे उघडे, दात घट्ट, हात कूलरला चिकटलेला. मी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. वसंता धाडकन पडला. मी रडकुंडीला आलो होतो, मनोहर त्याची छाती चोळत होता.

थोड्या वेळाने वसंताने डोळे उघडले. पहिला शब्द काय? "मेन काहून पाडला बे? मशीन बंद पडली ना!"

*

कूलर घरी परत गेला. मग बर्फाची लादी आणून पोत्यात गुंडाळून मशीनमागे ठेवली. मशीन दिवसभर छान चालली. पण वितळलेलं पाणी कुठे जातं हे कुणीच पाहिलं नाही. ते भिंतीखालून आबाजींच्या दुकानात गेलं, थेट लुगड्यांच्या गठ्ठ्यांत!

आबाजी दारात येऊन उभे राहिले. धोतराचा काठ ओला. "पाणी कुठून येऊन राहिलं?"

वसंता मशीनपुढे येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडून निघून गेलं, "आबाजी, मशीनले घाम आला."

आबाजी बराच वेळ मशीनकडे बघत राहिले. मग धोतराचा काठ पिळून निघून गेले. त्यांचं ओरडणं परवडलं असतं. आता उद्या गाठी आत येणार, असं धरून आम्ही शटर पाडलं.

*

दुसऱ्या दिवशी गाठी आल्या नाहीत. मनोहरने सवयीप्रमाणे मागची फळी काढली आणि दोन पावलं मागे सरकला. बोर्डाशेजारी एक कांदा ठेवला होता. त्यावर लाल कुंकू!

"करणी आहे ही," मनोहर पुटपुटला. "मी हात नाही लावत."

वसंताने चिमट्यात धरून तो कांदा नाग नदीत टाकला आणि घरी जाऊन आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी नवा कांदा, नवं कुंकू. तिसऱ्या दिवशीही तेच. कुलूप शाबूत, फळी जागेवर. कुणाच्या डोळ्यांत दुकान खुपलं, कोण वाईटावर आहे, काही कळेना. वसंताला ताप भरला. मी गल्ल्यावर बसायचो, पण पाठ भिंतीला लावून.

*

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला होता. शेवटी आम्ही तिघांनी करणीवाल्याला पकडायचं ठरवलं. भल्या पहाटे गेलो तर शटर अर्धं वर होतं. मनोहरच्या हातात पाना, माझ्या हातात खराटा, वसंताच्या हातात नुसताच घाम. वाकून आत पाहिलं.

आत आबाजी होते. गोदामाची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असायची. शेजारच्या दुकानातली पूजा आटोपून आले असावेत, अंगठा कुंकवाने लाल होता. त्यांनी मागची फळी हळूच बाजूला केली, खिशातला कांदा काढून बोर्डाशेजारी ठेवला आणि फळी पुन्हा नीट लावली.

वळले तर समोर आम्ही. वसंताच्या तोंडून "आबाजी" एवढंच निघालं.

आबाजी त्याच्यावरच खेकसले, "हिचा कांदा रोज कोण काढून राहिलं गा? नवतपा लागला आहे. पोरीले ऊन लागलं म्हणजे?"