क्रीम रंगाचा गालिचा

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात स्वतःच्या मनाने एकच मोठी वस्तू खरेदी केली, आणि ती झडायला लागली.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. पनवेलच्या बाजारपेठेतली भाड्याची जागा सोडून आम्ही खांदा कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. दोन खोल्या, बाल्कनी आणि गुळगुळीत लादी. त्या लादीचं येणाऱ्याजाणाऱ्याला फार कौतुक, पण थंडी पडली की ती गारठायची आणि सासूबाईंचे गुडघे धरायचे. खुर्चीत बसून भाजी निवडणं त्यांना कधी जमलं नाही. बसायच्या त्या खालीच.

सासरे नुकतेच कचेरीतून निवृत्त झाले होते. घरातली सगळी खरेदी सासूबाईंची. सासऱ्यांना भेंडी आणायला पाठवलं तर हमखास जून निघायची, म्हणून तेही काम त्यांच्याकडून काढून घेतलेलं. अशा माणसाने एका संध्याकाळी एस.टी. स्टँडजवळच्या सेलमधून रिक्षात घालून गालिचा आणला. क्रीम रंगाचा, जाड, हात लावला तर मऊ. "तुझ्या गुडघ्यांसाठी," एवढंच म्हणाले आणि अंथरून बाजूला उभे राहिले. सासूबाई त्यावर बसल्या, हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान आहे हो तुमची निवड." सासरे त्या रात्री दोन घास जास्त जेवले.

आठवडाभरात घरात लवेचे पुंजके फिरायला लागले. पलंगाखाली, देवाच्या तसबिरीमागे, एकदा तर आमटीत. मी गच्चीत नेऊन गालिचा धोपटला, तर तो आणखीनच सुटला. "नवा आहे. सुरुवातीला झडतो, मग थांबतो. दुकानदारानेच सांगितलंय," सासरे म्हणायचे. केर मी काढत होते आणि मी मुळातच फटकळ, त्यामुळे रोज काहीतरी जिभेवर यायचं.

मग सासूबाईंना खोकला सुरू झाला. गालिच्यावर बसल्या की उबळ, उठल्या की थोड्या वेळाने शांत. "समोरच्या बिल्डिंगचं काम चाललंय ना, त्या सिमेंटने होतंय," असं त्या सासऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगायच्या. एकदा स्वयंपाकघरात मी म्हटलंच, "आई, सिमेंटचं काय घेऊन बसलात? गालिचा काढून टाकू या."

"गप," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्यासाठी काहीतरी स्वतः निवडलंय. खोकल्याने मी काही मरत नाही."

मला त्यांचा रागच आला. असलं कसलं प्रेम, जे छातीत भरून घ्यायचं? सासऱ्यांना आपणच सुनावायचं असं मी ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे दूध आणायला उठले, तर सासरे अंधुक उजेडात गालिच्यावर ओणवे होऊन एकेक पुंजका वेचत होते. शेजारी वर्तमानपत्राची पुडी, ती निम्मी भरलेली. मला बघून दचकले. "चष्मा शोधतोय," म्हणाले. चष्मा नाकावरच होता. मी दुधासाठीची पिशवी घेऊन गुपचूप बाहेर पडले. आधी हसू आलं, मग जिन्यातच डोळे भरून आले. सुनावायचं राहूनच गेलं.

संक्रांतीनंतर आमच्याकडे हळदीकुंकू होतं. नव्या घरातलं पहिलंच, म्हणून आसपासच्या बिल्डिंगांतल्या बायकाही बोलावलेल्या. लव उडू नये म्हणून मी मध्यंतरी गालिच्यावर घातलेली जुनी चादर सासूबाईंनी त्या दिवशी मुद्दाम काढली. कोणाच्याच लक्षात आलं नाही की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका काळ्या साड्या नेसून येणार. आल्या, बसल्या, तिळगूळ घेतला, वाण घेतलं, गालिच्याला छानही म्हणाल्या. सासरे बायकांत नको म्हणून बाल्कनीत बसले होते. तिथून त्यांना जिना उतरून खाली रस्त्याला लागणाऱ्या बायका पाठमोऱ्या दिसत होत्या. प्रत्येकीच्या काळ्या साडीवर मागून पांढरी लव चिकटलेली. आत सासूबाई खोकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी माझी कात्री मागून घेतली आणि गालिच्याचा कोपरा कापला. "चल जरा बाजारात," मला म्हणाले. हातात छत्री. जानेवारीत छत्री कशाला, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

जुन्या पनवेलातल्या म्हाताऱ्या दुकानदाराने तो तुकडा उलटा केला, नखाने ओरबाडला. "बाबा, ह्यो विणलेला नाय, चिकटवलेला हाय. लोकर आखूड, मागून नुसता गोंद. चांगली लोकर सुरवातीला झडते नि थांबते. ह्यो सहा वर्सं झडंल." मग त्याने एक जाड सुती सतरंजी पुढे टाकली. "उलटी करून बघा. दोन्ही अंगांना नक्षी सारखी, म्हंजे धागा आरपार गेलाय."

सासऱ्यांनी छत्री उघडली आणि तिचं काळं कापड त्या सतरंजीवर खसाखसा घासलं. उजेडात धरून पाहिलं. मग दुसरी सतरंजी, मग तिसरी. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घातली. चौथीवर घासलेली छत्री काळीच्या काळी राहिली. ती मातकट लाल सतरंजी आम्ही घरी आणली, खाली जुनं ब्लँकेट दुपदरी घालून अंथरली. सासरे पुन्हा बाजूला उभे राहिले. सासूबाई बसल्या, हात फिरवला. "गालिचा कुठे गेला?" असं त्यांनी विचारलं नाही.

आठ-दहा दिवसांनी दुपारी त्या सतरंजीवर बसून मटार सोलत होत्या. बाल्कनीचं दार उघडं होतं. सासऱ्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "हल्ली खोकला नाही तुला. समोरचं काम थांबलं वाटतं?"

"हो, थांबलं की," सासूबाई म्हणाल्या. समोर खडी-सिमेंट कालवायचं मशीन इतकं खडखडत होतं, की त्यांना ते मोठ्याने ओरडून सांगावं लागलं.